पेनचे राज्य आणि आपली वंदना



१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. इथे स्टेट कॉलेजमध्ये त्या सुमारास माउंट निटनीची झाडे लाल-पिवळी झालेली असतात. आपण कुणाच्या तरी घरी जमतो, सोफे भिंतीला सरकवतो, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडतो, त्रिसरण-पंचशील घेतो. शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागत नाही. घरची माणसे सोडून पाचापेक्षा जास्त लोक पूजेला जमले म्हणून कुणी दंड करत नाही.

हे शेवटचे वाक्य तुम्हांला विचित्र वाटेल. पण १६६४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नेमका असाच कायदा केला होता. सरकारी चर्चच्या पद्धतीने नव्हे तर स्वतःच्या पद्धतीने उपासना करायला पाचाहून अधिक बाहेरची माणसे जमली, तर आधी दंड, मग तुरुंग आणि तरीही ऐकले नाही तर हद्दपारी. त्या काळच्या अशा छळात भरडल्या गेलेल्यांपैकी एकाचे नाव आपण रोज घेतो. बसवर, टोपीवर, मुलांच्या शर्टावर ते लिहिलेले असते. शनिवारी बीव्हर स्टेडियममधून त्याच्या आरोळ्या ऐकू येतात. ते नाव पेन.

अनेकांची समजूत आहे की पेन हा इथल्या विद्यापीठाचा संस्थापक. तसे नाही. हे विद्यापीठ १८५५ साली शेतकी शिक्षणाची शाळा म्हणून सुरू झाले आणि त्याचा विल्यम पेनशी संबंध फक्त राज्याच्या नावापुरता. पण ते राज्य वसवणारा माणूस कोण होता, हे इथे राहणाऱ्या आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

विल्यम पेन लंडनमध्ये जन्मला तो दिवस १४ ऑक्टोबर १६४४. त्या काळच्या इंग्लंडच्या जुन्या कालगणनेने ही तारीख येते, आजच्या हिशेबाने ती २४ ऑक्टोबर होते. तेव्हा या योगायोगाला मी फार वजन देत नाही. तारीख लक्षात ठेवायला सोपी, एवढेच.

वडील नौदलातले बडे अधिकारी, पुढे अॅडमिरल आणि सर. आयर्लंडमध्ये जमीनजुमला. राजदरबारात ऊठबस. एकुलता एक वाटावा असा लाडका थोरला मुलगा, त्याने दरबारात नाव काढावे ही बापाची इच्छा. १६६० साली त्याला ऑक्सफर्डला घातले. दोन वर्षांत तिथून काढून टाकले, कारण सरकारी चर्चच्या सक्तीच्या उपासनेला हा जाईना. घरी आल्यावर बापाने मारले आणि घराबाहेर काढले. मग सुधारावा म्हणून फ्रान्सला पाठवले. तिथून तो छान कपडे आणि रीतभात शिकून आला, बाप खूश झाला. काही दिवस कायद्याचा अभ्यासही झाला. त्याचा उपयोग पुढे झाला, पण बापाला हवा तसा नाही.

१६६७ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात, वडिलांच्या जमिनी सांभाळायला गेलेला असताना, त्याने थॉमस लो नावाच्या एका क्वेकर उपदेशकाचे बोलणे ऐकले. त्याला तो लहानपणीही भेटलेला होता. बावीस वर्षांचा पेन त्या दिवसापासून क्वेकर झाला आणि लवकरच पहिल्यांदा तुरुंगातही गेला.

क्वेकर कोण, हे थोडे सांगायला हवे. त्यांचे स्वतःचे नाव मित्रांचा समाज. क्वेकर, म्हणजे थरथरणारे, हे लोकांनी हिणवून ठेवलेले नाव. त्यांना पुरोहित नव्हता. प्रत्येक माणसाच्या आत प्रकाश आहे, मग मध्यस्थ कशाला, हा त्यांचा साधा हिशेब. ते शांत बसत, ज्याला आतून वाटेल तो बोले, बाईसुद्धा बोले. शस्त्र धरायचे नाही. शपथ घ्यायची नाही, कारण एरवीही खरेच बोलायचे असते. आणि दोन गोष्टी अशा, की ज्या आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिली, वरच्या माणसापुढे टोपी काढायची नाही. दुसरी, सगळ्यांना एकच सर्वनाम. त्या काळच्या इंग्रजीत धन्याला अहो-जाहो आणि चाकराला अरे-तुरे असे दोन वेगळे शब्द होते. क्वेकर राजापासून मोचीपर्यंत सगळ्यांना तूच म्हणत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाटलाच्या वाड्याबाहेर उभे राहून जोहार घातला, त्यांना हे किती मोठे बंड होते ते कळेल. अॅडमिरलला ते लगेच कळले. बाकी कुणालाही तू म्हण, पण राजा, राजाचा भाऊ आणि मी, एवढ्या तिघांना सोड, अशी तडजोड त्याने मुलापुढे ठेवली असे सांगतात. मुलाने नकार दिला.

धर्मांतराची किंमत आपल्याला नवी नाही. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० उजाडावे लागले. क्वेकर झालेल्याला विद्यापीठ बंद, सरकारी पद बंद, आणि तुरुंगाचे दार मात्र कायम उघडे. १६६८ मध्ये पेनने चर्चच्या सिद्धांतांवर टीका करणारी एक पुस्तिका परवान्याशिवाय छापली आणि तो लंडनच्या टॉवरमध्ये सुमारे आठ महिने राहिला. माफी माग नाहीतर इथेच मरशील, असा निरोप लंडनच्या बिशपकडून आला. त्याने कळवले की हा तुरुंग आपली कबर झाला तरी चालेल. आणि आत बसून आणखी एक पुस्तक लिहिले.

आता १६७० चा खटला. पेनच्या आयुष्यातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ऑगस्ट महिन्यात लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावरच्या क्वेकर सभागृहाला सैनिकांनी कुलूप लावले. क्वेकर रस्त्यावर जमले. पेन तिथेच बोलायला उभा राहिला. त्याला आणि विल्यम मीड नावाच्या व्यापाऱ्याला पकडले. आरोप, बेकायदा जमाव जमवून दंगा केल्याचा. ओल्ड बेली न्यायालयात दोघे आले तेव्हा डोक्यावर टोप्या नव्हत्या, शिपायाने आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायाधीशांनी टोप्या पुन्हा घालायला लावल्या आणि मग टोपी न काढल्याबद्दल दोघांना दंड ठोठावला! न्यायासनावर बसून इतका पोरकटपणा केल्याची उदाहरणे थोडी असतील.

पेनने एकच गोष्ट धरून ठेवली. मी कोणता कायदा मोडला, तो दाखवा. उत्तर आले की तो परंपरेचा कायदा आहे, लिहिलेला नाही. जो कायदा शोधूनही सापडत नाही तो इतका सर्वसामान्य कसा, असे तो विचारत राहिला. त्याला बाजूच्या पिंजऱ्यात नेऊन कोंबले, तिथूनही तो ज्यूरीला उद्देशून ओरडत होता.

ज्यूरीचे बारा जण साधे लंडनकर. त्यांनी निर्णय दिला की पेन ग्रेसचर्च रस्त्यावर बोलला एवढे खरे. बोलणे हा गुन्हा नव्हे. न्यायाधीश भडकले. हवा तो निर्णय येईपर्यंत ज्यूरीला अन्न, पाणी, शेकोटी काही न देता कोंडून ठेवले. रात्री गेल्या. दरवेळी बाहेर आणून विचारत, दरवेळी तेच उत्तर. शेवटी त्यांनी निर्णय बदलला तो उलट्या दिशेने. दोघेही निर्दोष. मग ज्यूरीलाच दंड केला आणि दंड भरेपर्यंत तुरुंग. एडवर्ड बुशेल आणि आणखी काही जणांनी दंड भरायला नकार देऊन वरच्या न्यायालयात दाद मागितली, आणि सरन्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला की ज्यूरीला तिच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येत नाही. इंग्रजी कायद्यावर उभ्या असलेल्या देशांत ज्यूरी स्वतंत्र आहे ती या निकालामुळे.

लक्षात घ्या, ते बारा जण क्वेकर नव्हते. त्यांना पेनचा पंथ पटलाही नसेल. अल्पसंख्याकांचे रक्षण बहुतेक वेळा असेच होते, शेजारच्या माणसाने उपाशी राहून दिलेल्या एका नकाराने.

पेन मात्र टोपीच्या दंडापायी आतच होता. दंड भरणार नाही म्हणत होता. वडील मरणाला टेकले होते. अखेर दंड भरला गेला, मुलगा घरी पोचला आणि काही दिवसांत अॅडमिरल वारले. बापलेकांचा समेट झाला होता. मृत्यूपूर्वी बापाने राजाच्या भावाला सांगून मुलावर नजर ठेवण्याची व्यवस्थाही केली होती.

पुढची दहा वर्षे भराभर सांगतो. पुन्हा तुरुंग, गुलिएल्मा स्प्रिंजेटशी लग्न, हॉलंड-जर्मनीचा प्रवास, आणि सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर सतत लिखाण. इंग्लंडमध्ये हजारो क्वेकर तुरुंगात सडत होते. इथे काही बदलणार नाही, हे पेनला उमगत गेले.

राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे अॅडमिरलचे सोळा हजार पौंड येणे होते. राजाकडे रोकड नव्हती, अमेरिकेत जमीन भरपूर होती, म्हणजे तो तसे समजत होता. ४ मार्च १६८१ रोजी पेनला सनद मिळाली. सुमारे ४५,००० चौरस मैल, आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे मोठे. पेनला नाव हवे होते सिल्व्हेनिया, म्हणजे वनभूमी. राजाने अॅडमिरलच्या आठवणीसाठी पुढे पेन जोडले. लोक आपल्याला गर्विष्ठ म्हणतील म्हणून पेनने कारकुनाला वीस गिनी देऊ करून ते बदलायचा प्रयत्नही केला. जमले नाही. तेव्हा आपल्या शर्टावरचे पेन खरे तर शस्त्र न धरणाऱ्या मुलाचे नव्हे, लढाया मारणाऱ्या बापाचे आहे.

राजाने जमीन दिली तरी ती लेनापे लोकांची आहे, असे पेन मानत होता. त्याने ती त्यांच्याकडून पुन्हा विकत घेतली, त्यांची भाषा शिकला, त्यांच्या मुखियांना येण्याआधीच पत्र पाठवले. फिलाडेल्फियात, म्हणजे बंधुप्रेमाच्या नगरात, त्याने तटबंदी बांधली नाही.

डिसेंबर १६८२ मध्ये चेस्टर इथे पहिले कायदे मंजूर झाले. फाशी इंग्लंडमध्ये कितीतरी गुन्ह्यांना होती, इथे ती मोजक्या अतिगंभीर गुन्ह्यांपुरती उरली. आणि उपासनेचे स्वातंत्र्य. एका सर्वशक्तिमान ईश्वराला मानणाऱ्या कुणालाही त्याच्या श्रद्धेवरून छळायचे नाही, आणि कुणाला कोणत्याही प्रार्थनास्थळी जायची किंवा त्याला वर्गणी द्यायची सक्ती करायची नाही. ही बातमी युरोपभर गेली. जर्मनीतून मेनोनाइट आले, पुढे आमिश आले. सेव्हन माउंटन्स ओलांडून बुधवारी बेलव्हिलच्या बाजाराला गेलात तर पांढऱ्या, पिवळ्या, काळ्या छपरांच्या घोडागाड्या दिसतात, ती त्यांचीच नातवंडे-पणतवंडे. मुले त्या गाड्यांचे फोटो काढू लागली तर त्यांना थांबवा. आमिश लोकांना फोटो काढलेले आवडत नाहीत.

आता त्या कायद्याकडे पुन्हा पाहा. एका सर्वशक्तिमान ईश्वराला मानणारा. आपण त्यात बसतो का? नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस १६८२ च्या पेन्सिल्व्हेनियात आला असता तर पेनच्या संरक्षणाबाहेर राहिला असता. सरकारी पदावर बसायला तर ख्रिस्ती असणेच आवश्यक होते. पेनच्या काळात हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. पण त्याच्याही सुमारे एकोणीसशे वर्षे आधी सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात सर्व पाखंडांचा, म्हणजे सर्व पंथांचा, आदर करायला सांगितले होते आणि तिथे ईश्वराची अट नव्हती. बिचाऱ्या पेनला ते कळण्याचा मार्ग नव्हता, ब्राह्मी लिपी वाचता आली तीच १८३७ च्या सुमारास.

ही अट अजून पुरती गेलेली नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत आजही असे कलम आहे की जो ईश्वराचे अस्तित्व आणि मरणोत्तर फळ मानतो त्याला श्रद्धेवरून पदासाठी अपात्र ठरवता येणार नाही. जो मानत नाही त्याचे काय, याबद्दल कलम गप्प आहे. आपल्याला तारते ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे १९६१ चे मत. शेजारच्या मेरीलँडमध्ये एका माणसाने ईश्वर मानत असल्याचे जाहीर करायला नकार दिला म्हणून त्याला नोटरीचे पद नाकारले होते. न्यायालयाने अशी अट घटनाबाह्य ठरवली, आणि त्या निकालाच्या तळटीपेत ईश्वर न मानणाऱ्या धर्मांच्या यादीत बौद्ध धम्माचे नाव पहिले आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, फिलाडेल्फियाजवळच्या अॅबिंग्टनमधल्या एका कुटुंबाच्या खटल्यात, सरकारी शाळेत सकाळी बायबल वाचून घेण्याची प्रथाही थांबली. तुमची मुले इथल्या शाळेत जातात तेव्हा हा निकाल त्यांच्या दप्तरात असतो.

भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना आहे, ईश्वराचा उल्लेख न करता. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाबद्दलची आपली तक्रार वेगळी, ती इथे उगाळत नाही. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत आली आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. आणि आमदार-खासदार ईश्वरसाक्ष शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतात, त्या पर्यायाचे मूळ या शपथ न घेणाऱ्या क्वेकरांत आहे. त्यांच्यासाठी इंग्लंडने १६९६ मध्ये तशी सोय केली. नागरिकत्वाच्या समारंभाला जाल तेव्हा तुम्हांलाही ईश्वराचा उल्लेख वगळून प्रतिज्ञा करता येते. फक्त आधी सांगावे लागते.

पेनचा दुसरा दोष लपवण्यासारखा नाही. डेलावेअर नदीकाठच्या त्याच्या पेन्सबरीच्या वाड्यावर आफ्रिकी गुलाम राबत होते. ज्याने तुरुंगात बसून बुद्धीच्या स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिले, त्याला शरीराची गुलामी खुपली नाही. त्याच्याच वसाहतीत, जर्मनटाउनमध्ये, १६८८ साली चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. क्वेकरांच्या मोठ्या सभेने तो बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना बाहेर काढायचे ठरवले ते १७७६ मध्ये. स्वतः सोसलेला माणूस दुसऱ्याचे सोसणे ओळखतोच असे नाही. हे वाचताना आपल्याही समाजाकडे पाहायला हरकत नाही.

पेन स्वतः पेन्सिल्व्हेनियात दोन खेपांना मिळून जेमतेम चार वर्षे राहिला. राजा बदलला तेव्हा राजद्रोहाच्या संशयाने लपून राहावे लागले, वसाहत काही काळ हातची गेली. दुसऱ्या खेपेला परत निघण्यापूर्वी, २८ ऑक्टोबर १७०१ रोजी, त्याने हक्कांची सनद दिली. बाकीची सनद विधानसभेच्या सातांपैकी सहा भाग मतांनी बदलता येईल, पण पहिले कलम, सदसद्विवेकबुद्धीचे, कधीच बदलता येणार नाही, असे त्यात लिहिले. सत्ताधारी चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळले होते. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन संविधान सभेला सादर केले, त्यामागेही हाच आग्रह होता. बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर नको, घटनेत लिहून हवे.

शेवट वाईट झाला. विश्वासू कारभारी फिलिप फोर्ड याने कागदावर सह्या घेऊन त्याला कर्जात बुडवले आणि साठी ओलांडलेला पेन नऊ महिने कर्जदारांच्या बंदीत होता. १७१२ मध्ये अर्धांगवायूचे झटके आले. त्यानंतर दुसरी पत्नी हॅना हिने वसाहतीचा कारभार पाहिला, तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. ३० जुलै १७१८ रोजी तो वारला. जॉर्डन्स नावाच्या खेड्यात क्वेकरांच्या साध्या दफनभूमीत त्याला पुरले.

पण सनदेची खरी परीक्षा त्याच्या माघारी झाली. १७३३ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिकांनी सेंट जोसेफ हे छोटे चर्च उभारले. इंग्रजी अमलात जाहीर मिस्सा बेकायदा होता. दुसऱ्याच वर्षी गव्हर्नरने परिषदेपुढे तक्रार मांडली. कॅथलिकांनी पेनच्या सनदेकडे बोट दाखवले. चर्च बंद झाले नाही. आजही तिथे प्रार्थना होते.

लेनापेंच्या वाट्याला तसे आले नाही. पेनचा मुलगा थॉमस याने १७३७ मध्ये एका जुन्या कागदाच्या आधारे, एक माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन मागितली आणि आधीच वाट साफ करून पळणारे जवान उभे केले. सुमारे बारा लाख एकर गेली.

आणि १७६३. लँकेस्टरजवळ कोनेस्टोगा इथे आदिवासींची छोटी वस्ती होती, फक्त वीस माणसे. झाडू आणि टोपल्या विकून जगत. सरहद्दीवर चाललेल्या लढायांचा राग धरून पॅक्स्टनकडच्या सशस्त्र टोळीने १४ डिसेंबरला सहा जणांना मारले, झोपड्या जाळल्या. उरलेल्या चौदांना संरक्षणासाठी लँकेस्टरच्या कामगृहात ठेवले. २७ डिसेंबरला भरदिवसा टोळीने दार फोडून त्या चौदांना मारले, त्यात मुले होती. कुणालाही शिक्षा झाली नाही. जळालेल्या वस्तीत अधिकाऱ्यांना एक पिशवी सापडली. तिच्यात १७०१ सालचा चामड्यावर लिहिलेला करार होता, विल्यम पेनने मैत्रीचे वचन दिल्याचा. त्यांनी तो बासष्ट वर्षे जपून ठेवला होता.

त्यानंतर टोळी फिलाडेल्फियावर निघाली, तिथे आश्रय घेतलेल्या सुमारे १४० ख्रिस्ती आदिवासींना मारायला. १७६४ चा फेब्रुवारी. त्या रात्री शहरातल्या काही तरुण क्वेकरांनी, ज्यांच्या आजोबांनी शस्त्र न धरण्यासाठी तुरुंग सोसला होता, बंदुका उचलल्या आणि ते बराकींच्या पहाऱ्यावर उभे राहिले. बेंजामिन फ्रँकलिन आदींनी जर्मनटाउनला जाऊन बोलणी केली, टोळी परत फिरली, गोळी झाडावी लागली नाही. पुढे क्वेकरांच्या सभेने त्या तरुणांना एकेक करून बोलावले आणि विचारले, तुम्ही केले ते बरोबर होते का? काहींनी चूक कबूल केली. काहींनी केली नाही. चौकशी काही वर्षे चालली आणि निकाल न लागताच थांबली.